शिंगावरचा जुना रंग
(आखाडा बाळापूरच्या पोळ्याची हकीकत)

नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या एसटीत बसलात की अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडतात, डोंगरकडा येते, मग वारंगा फाटा लागतो. फाट्यावर गाडी जरा दम खाते. तिथून पुढे थोड्याच वेळात आखाडा बाळापूर येते. नांदेड आणि हिंगोली यांच्या साधारण मधोमध वसलेले हे मोठे बाजाराचे गाव. आसपासची मंडळी नुसते ‘बाळापूर’ म्हणतात. पण पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘आखाडा’ हा शब्द गाळू नका. अकोला जिल्ह्यात दुसरे बाळापूर आहे, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचे, किल्ल्याचे. नवखा माणूस भलत्याच गाडीत बसायचा.

आपले हे बाळापूर कळमनुरी तालुक्यातले. पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हिंगोलीत. तालुक्याला कयाधू आणि पैनगंगा अशा दोन नद्यांचा शेजार आहे. पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे. श्रावणात इकडे आलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन, कापूस, तूर आणि मधूनमधून हळदीची रुंद पानांची हिरवी वावरे दिसतील. हळदीसाठी तर हा सारा मुलूख नावाजलेला. वसमतच्या हळदीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल.

माझी धाकटी बहीण या भागात दिलेली आहे. बाळापूरपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तिचे घर आणि शेत. गेल्या पोळ्याला तिने आग्रहाने बोलावले म्हणून गेलो. तिथे तीन दिवसांत जे पाहिले आणि शिकलो, ते तुमच्याही गोठ्याच्या कामाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोळ्याच्या आधीचा बाजार

पोळा श्रावणी अमावास्येचा. त्याच्या चार-सहा दिवस आधीपासून बाळापूरच्या रस्त्यावर रंगच रंग उतरतो. सुताच्या म्होरक्या, वेसणी, कासरे, माथोट्या, लोकरीचे गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरांचे पट्टे, पितळी शेंब्या, आरशांच्या झुली, बेगडाचे कागद. एका बाजूला रंगाचे डबे मांडलेले. पूर्वी हिंगुळाच्या पुड्या असत. आता तयार तेलरंगाचे लहान डबे असतात. लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि हल्ली सोनेरी, चंदेरीसुद्धा.

ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, हे खरे. ज्या गल्लीत पूर्वी घरटी एक जोडी होती, तिथे आता दोन-तीन जोड्या उरल्या. तरीही ज्याच्या दावणीला जोडी आहे, तो पोळ्याला हात आखडत नाही. २०२३ साली लम्पी आजारामुळे कित्येक जिल्ह्यांत जनावरे एकत्र आणायला मनाई होती. तेव्हा लोकांनी घरच्या अंगणातच पोळा केला, पण केला.

भाऊजींची जोडी लाल कंधारी. ही आपल्या मराठवाड्याची गावरान जात. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर या पट्ट्यात वाढलेली. गडद तांबडा रंग, आटोपशीर बांधा, उन्हातान्हात न कुरकुरता चालणारी. जोडीतल्या एकाचे नाव तांब्या, दुसऱ्याचे माणक्या.

मी पोहोचलो तेव्हा भाचा अंगणात बसून सामान मांडत होता. रंगाचे तीन डबे, दोन ब्रश, खरखरीत पॉलिश पेपर, फुटलेल्या बाटलीची काच आणि एक थिनरची बाटली. दाराला रंग दिला तेव्हा उरलेली.

“हे कशाला रे?” मी विचारले.

“मामा, शिंगावर चार-पाच वर्षांचा रंग चढलाय. दरसाल आपण वरूनच थापतो. जागोजागी पापुद्रे निघालेत. आधी सगळं खरवडून काढतो, मग नवा रंग असा बसंल की पोळ्यात आपलीच जोडी चमकंल.”

पोराचे म्हणणे निम्मे बरोबर होते. जुना रंग काढलाच पाहिजे. कसा काढावा, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नव्हते. शेजारचे आबा ओट्यावर बसून ऐकत होते. आयुष्यभर नाल ठोकण्याचे आणि शिंगे साळण्याचे काम केलेला माणूस. ते हसून म्हणाले, “अरे बाबू, ते शिंग हाय, खिडकीची चौकट न्हाई. त्याच्या आत जीव हाय.”

शिंगाच्या आत काय असते

मंडळी, आबांचे हे बोलणे शब्दशः खरे आहे. आपण शिंगाला नखासारखे समजतो. वरचे कवच नखासारखेच असते. नखे, खूर, केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याचे. पण त्या कवचाखाली रक्ताने भरलेला जिवंत पापुद्रा असतो आणि त्याच्याही आत हाड असते. हे हाड म्हणजे कवटीच्याच हाडाची वाढ. मोठ्या जनावरात ते आतून पोकळ असते आणि ही पोकळी कपाळातल्या पोकळीला आणि तिथून नाकाच्या वाटेला जोडलेली असते. म्हणूनच शिंग मोडले तर कधीकधी नाकपुडीतून रक्त येते.

आणखी एक ध्यानात ठेवा. शिंग बुडाकडून वाढते. टोकाला कवच जाड आणि भरीव, तर बुडाशी पातळ आणि कोवळे. टोकाला थोडे जास्त तासले गेले तरी बैलाला कळत नाही. बुडाशी तेवढेच तासले तर रक्त येते. आपण मात्र नेमके बुडाशीच जास्त घासतो, कारण रंगाचे थर तिथेच साचलेले असतात.

साळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. शिंग तासून गुळगुळीत, एकसारखे करायचे, मग रंगवायचे. जाणत्या हातात ते काम शोभते. पण दरसाल काचेने खरवडून खरवडून ज्यांची शिंगे बुडाशी पातळ पडली आहेत, असे बैल मी बाजारात पुष्कळ पाहिले आहेत.

हरण्याची गोष्ट

इथे घरचीच एक चूक सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या घरी हरण्या नावाचा बैल होता. सात-आठ वर्षांचा, ऐन कामातला. एका उन्हाळ्यात तो अधूनमधून मान झटकू लागला. डावे शिंग बाभळीच्या खोडाला घाशी. आम्ही म्हटले, गोचिड असेल, नाही तर माशा त्रास देत असतील. पुढे डावे शिंग किंचित खाली झुकल्यासारखे दिसे. वडील म्हणाले, जुवाखाली असे होतेच. पोळा आला. शिंगावर जुना रंग होता, त्यावरून मीच नवा हिरवा रंग फासला आणि बेगड चिकटवले. हरण्या मिरवला. लोकांनी वाखाणला.

दिवाळीच्या आधी त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी गळू लागले. शिंगाच्या बुडाशी वास येऊ लागला. डॉक्टरांना आणले तेव्हा शिंग हाताने हलत होते. त्यांनी सांगितले, हा शिंगाचा कर्करोग आहे आणि आता उशीर झाला आहे. पेरणीच्या आधी आणला असता तर शिंग शस्त्रक्रियेने काढून बैल वाचण्याची आशा होती. रब्बीच्या पेरणीला आम्ही शेजाऱ्याची जोडी मागून आणली. हरण्याचा जोडीदार कित्येक दिवस रिकाम्या खुंट्याकडे बघत उभा राही.

वाचकहो, हा रोग आपल्या देशातल्या बैलांत चांगलाच माहीत असलेला आहे. गायींपेक्षा बैलांत जास्त, आणि पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे अगदी कर्त्या वयाच्या बैलांत जास्त. तो शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो, म्हणून पहिल्यांदा बाहेर काहीच दिसत नाही. नेमके एकच कारण सिद्ध झालेले नाही. जुवाची आणि दोराची घासणी, शिंगे वारंवार तासणे, रंगरोगण, असे कित्येक संशय जाणकार घेतात. रंगामुळेच हरण्या गेला असे मी म्हणणार नाही. पण एवढे मात्र खरे, की रंगाच्या थराखाली काय चालले आहे ते पाहण्याची संधी वर्षातून एकदा आमच्यापुढे आली होती आणि आम्ही तिच्यावर ब्रश फिरवला.

आबांची रीत

आता बाळापूरच्या अंगणात परत येऊ. आबांनी पहिल्यांदा थिनरची बाटली उचलून भाच्याच्या हाती दिली आणि घरात ठेवून यायला सांगितले. थिनर, पेट्रोल, रॉकेल ही सगळी पेट घेणारी द्रव्ये. शिंगावरून ओघळून ती डोळ्यांत आणि कानात जातात, कातडी भाजते. शेजारी कोणी विडी ओढत असेल तर मग विचारूच नका.

कोणी कोणी कॉस्टिक सोडा लावतात. तो तर त्याहून वाईट. कोवळ्या वासराला शिंगे फुटू नयेत म्हणून दुधाच्या गोठ्यांत शिंगाच्या कोंबावर कॉस्टिकची कांडी फिरवून तो जाळतात, हे तुम्हाला माहीत असेल. जे द्रव्य शिंगाचा कोंब जाळते, ते रंग काढायला शिंगावरच लावायचे, हा कुठला शहाणपणा? दिवटीने किंवा गॅसच्या ज्योतीने रंग जाळणेही तसेच. शिंग करपते आणि जळत्या रंगाचा धूर माणसाच्या व जनावराच्या छातीत जातो.

मग काच. काच धारेला चांगली, पण तिचे बारीक कपचे उडतात. ते बैलाच्या डोळ्यात, कानात, नाही तर खालच्या गव्हाणीत पडतात.

आबांची रीत साधी. आदल्या संध्याकाळी दोन्ही शिंगांना जवसाचे तेल चांगले चोळून ठेवले. सकाळी गोणपाटाचे तुकडे कोमट पाण्यात भिजवून, पिळून शिंगांभोवती गुंडाळले. पाणी कसे, तर आपल्या मनगटावर सोसेल एवढेच. बैलाला लिंबाखाली उभा करून कासरा खोडाला आखूड बांधला. भाऊजींनी डोक्यापाशी उभे राहून वेसण धरली आणि गळ्याखाली खाजवत राहिले. अर्ध्या तासाने गोणपाट सोडले. ओलाव्याने कवच जरा फुगले, वरचा रंग ताठच राहिला, त्यामुळे पापुद्र्यांच्या कडा आपसूक उचलल्या गेल्या.

मग आबांनी बांबूची एक कामटी घेतली, बोथट तासलेली. टोकाकडून सुरुवात करून हलक्या हाताने पापुद्रे उचलत गेले. रंग मोठाल्या सालींनी निघू लागला. वर हिरवा, त्याखाली निळा, मग पिवळा, सगळ्यात खाली लाल. भाचा म्हणाला, “आबा, हा लाल मी चौथीत होतो तवाचा.” शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्चच जणू त्या सालींत दिसत होता. पिकाच्या वर्षी दोन थर, दुष्काळाच्या वर्षी नुसता हात फिरवलेला.

उरलेल्या जागी पाण्यात चालणारा बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवला. कोरडा नाही. कोरडे घासले की धूळ उडते. ओले घासले की चिखल होतो आणि तो फडक्याने पुसता येतो. बुडाच्या चार बोटांत मात्र आबांनी कामटीही लावली नाही आणि कागदही नाही. तिथे नुसते तेलाचे फडके. जे निघाले ते निघाले, घट्ट बसलेला ठिपका तसाच राहू दिला.

“सगळा रंग निघालाच पायजे असं कुठं लिवलंय?” आबा म्हणाले. “आपल्याला शिंग बगायचं हाय, त्याला सोलायचं न्हाई.”

हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे.

माणक्याचे शिंग

तांब्याचे काम निर्वेध झाले. माणक्याच्या वेळी मात्र तो उजव्या बाजूला फडके लावू देईना. मान काढून घेई, फुरफुरे. भाऊजी म्हणाले, “खोडी करतोय.” आबांनी हात थांबवला. बुडाशी, जिथे केसांची कड आणि शिंगाचे कवच मिळते, तिथे रंगाचा एक जाड पापुद्रा सुटून पागोळीसारखा वर आला होता. गेल्या वर्षी ब्रश शिंगावरून खाली केसांवरही फिरला होता, तोच तो थर. आबांनी तेल सोडून सोडून तो पापुद्रा उचलला. खाली बोटाच्या पेराएवढी चीर होती, ओली आणि दबलेली. वरून कोणाला दिसणेच शक्य नव्हते. रंगाखाली पावसाचे पाणी आणि माती साचून ती चिघळली होती.

माझ्या डोळ्यांपुढे हरण्या उभा राहिला. मी भाऊजींना म्हणालो, “भाऊजी, आज दुसरे काम नको. आधी डॉक्टर.”

पोळा दोन दिवसांवर. घरात पुरणाची डाळ भिजवायचे ठरलेले. पण बहीण पुढे होऊन म्हणाली, “दादा म्हणतोय तसं करा. पोळा बैलाचाच आहे ना? मग बैल आधी.”

पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही शिंगे बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिली, हलवून पाहिली, दोन्ही नाकपुड्या तपासल्या. आम्ही श्वास रोखून उभे. मग म्हणाले, “शिंग घट्ट आहे, नाक स्वच्छ आहे. ही दोराच्या घासणीची जखम आहे. आठवडाभर उशीर झाला असता तर माशी बसून अळ्या पडल्या असत्या, आणि त्या आत उतरल्या असत्या तर अवघड झालं असतं.” जखम धुऊन औषध लावले, सुई दिली, रोज काय करायचे ते सांगितले आणि बजावले, “या शिंगाला रंग नाही. दोरही नाही.”

वाचकहो, तुम्हीही रंग काढाल तेव्हा पुढील गोष्टी जरूर पाहा. दोन्ही शिंगे एकाच उंचीवर आहेत का? एखादे झुकलेले, नरम किंवा हलणारे आहे का? बुडाशी सूज, चीर, ऊब किंवा वास आहे का? बैल डोके झटकतो का, शिंग झाडाला घासतो का? एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येते का? यातले एक जरी दिसले तरी घरगुती लेप न करता डॉक्टरांना दाखवा. राज्यात जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

हा चुरा टाकू कुठं?

डॉक्टर जाता जाता बहिणीने एक प्रश्न विचारला. अंगणात रंगाच्या साली आणि ओला चुरा पडला होता, हाती खराटा होता. “हे उकिरड्यावर टाकू का?”

डॉक्टर वळून परत आले. “ताई, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत,” असे म्हणून त्यांनी जे सांगितले ते घराघरांत कळायला हवे.

जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत, शिसे असायचे. शिशामुळे रंग झळझळीत दिसे, लवकर वाळे आणि टिके. पण शिसे म्हणजे विष. आपल्या देशात घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसे दहा लाखांत नव्वद भागांहून जास्त असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगाचे थर ज्या शिंगांवर, गाडीवर, दारांवर आहेत, त्यांत शिसे असू शकते. डोळ्यांना ते ओळखू येत नाही. आणि आपण पूर्वापार ज्याला शेंदूर म्हणतो, तो तर मुळात शिशाचेच संयुग. देवाला वाहावा, पण शिंगाला लावू नये. खरा हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तोही जनावराच्या अंगाला नको.

गुराढोरांना चाटायची सवय. रंगाची साल दिसली की चाटतात. शिशाची विषबाधा झालेले जनावर आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, दात खाते, अंग थरथरते, गोल फिरते आणि पुष्कळदा मरते. वासरांना तर थोडेही पुरते. दुभत्या गाईच्या पोटात गेले तर दुधातही उतरते. घरातली रांगती मुले जमिनीवरचे उचलून तोंडात घालतात. शिसे त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि तो घाला भरून निघत नाही.

म्हणून रंग काढायचा तो गोठ्यात किंवा गव्हाणीपाशी नाही. मोकळ्या जागी, खाली जुने प्लॅस्टिक किंवा खताची रिकामी गोणी अंथरून. लहान मुले आणि वासरे लांब. करणाऱ्याने नाकातोंडावर बारीक धूळ अडवणारी मुखपट्टी घट्ट बांधावी. काम संपेपर्यंत तंबाखू मळू नये, विडी पेटवू नये; हाताला लागलेले विष थेट तोंडात जाते. नंतर हात साबणाने धुऊन मगच भाकरीला हात लावावा आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. चुरा आणि पुसलेली फडकी झाकणाच्या डब्यात बंद करून गावच्या कचरागाडीला घरातला घातक कचरा म्हणून वेगळी द्यावीत, सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. उकिरड्यावर नको, कारण उकिरडा वावरात जातो. चुलीत नको, कारण धूर घरात जातो. विहिरीजवळ तर मुळीच नको.

बहिणीने ते सारे जुन्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर न ठेवता त्याच दिवशी गाडीला दिला. भाच्याने आणलेले रंगाचे डबे मात्र तिने दुकानात परत केले. दुकानदाराने कुरकुरत पैसे देण्याऐवजी दोन गोंडे आणि घुंगरांचा एक पट्टा दिला. सौदा काही वाईट झाला नाही.

मग रंगवायचे कशाने?

तुम्ही म्हणाल, पोळा आणि शिंगे कोरी? तसे नव्हे. आबांनी तांब्याच्या शिंगांना आधी जवसाचे तेल मुरवले. मग कुंभाराकडून आणलेला गेरू वस्त्रगाळ करून त्याच तेलात कालवला आणि कापडाच्या बोळ्याने टोकाकडच्या दोन भागांवर हलका हात दिला. बुडाशी नुसते तेल आणि हळद. हळदीच्या मुलखात हळदीला काय तोटा! तांबड्या बैलाच्या डोक्यावर ती गेरूची शिंगे इतकी साजरी दिसू लागली की भाचाही गप्प झाला. हा रंग वर्षभर टिकत नाही, पावसाने धुपतो. तोच त्याचा गुण. पुढच्या पोळ्याला खरवडायला काही उरत नाही.

टोकाला पितळी शेंब्या बसवायच्या तर त्या सैलही नकोत आणि ठोकून आवळलेल्याही नकोत. बेगड चिकटवण्यापेक्षा सुती फीत गुंडाळावी आणि पोळा संपला की त्याच रात्री सोडावी. फीत, दोर, माथोटी महिनोन्महिने शिंगात राहिली की माणक्यासारखी गत होते.

आणि एक सांगतो. ही चाल आपल्यापुरती नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे बेंदराला, कर्नाटकात कारहुणवीला, तामिळनाडूत जानेवारीत मट्टू पोंगलला बैलांची शिंगे अशीच रंगवतात. देशभरात जिथे जिथे बैलाचे उपकार मानले जातात, तिथे तिथे शिंगावर रंग चढतो. म्हणजे तो उतरवायचा प्रश्नही साऱ्यांचाच.

पोळ्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळताना भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. जोडीला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले गेले.

अमावास्येला दुपार कलली तशा जोड्या मारुतीपुढे जमू लागल्या. ढोल वाजत होते, झुली चमकत होत्या. सोनेरी, चंदेरी शिंगे पुष्कळ होती. त्या गर्दीत आमचा तांब्या गेरूच्या शिंगांनी आणि माणक्या एका बाजूला पांढरी पट्टी बांधून उभा. उजव्या शिंगाला काहीच नाही, नुसते औषध. कोणी कोणी हसले. एकाने विचारलेच, “काय पाव्हणं, रंग संपला काय?”

भाऊजींनी त्याला जवळ बोलावून पट्टी दाखवली, पापुद्र्याखाली काय सापडले ते सांगितले. ऐकायला आणखी चौघे थांबले. मग त्यातला एक जण आपल्या बैलाकडे गेला आणि शिंगाच्या बुडाशी बोटांनी चाचपू लागला. त्याच्या शेजाऱ्यानेही तसेच केले. मंगलाष्टका सुरू झाल्या तरी दोघे-तिघे आपापल्या बैलांची शिंगे चाचपतच होते.

घरी परतल्यावर बहिणीने जोडीला ओवाळले. पुरणपोळी भरवली, तीही बेतानेच. गोडाने आणि धान्याने बैलाचे पोट फुगते, हे डॉक्टरांनी तिला बजावले होते. माणक्याने तिच्या हातातली पोळी खाल्ली आणि मग तिच्या पदराला तोंड पुसले. सगळे हसले. मी मात्र जरा बाजूला होऊन आमच्या हरण्याला मनोमन हात जोडले.

महिन्याने बहिणीचा फोन आला. माणक्याची जखम भरली, खपली पडली, आता कामाला लागला आहे.

तर मंडळी, येत्या पोळ्याला बाजारातून रंग आणण्याआधी शिंगांवर तेलाचा हात फिरवा. जुना रंग हळू उतरवा आणि खाली काय आहे ते नीट पाहून घ्या. आपला बैल बोलत नाही. वर्षातून एकदा तरी त्याच्या शिंगाचे म्हणणे आपण ऐकावे, एवढे त्याचे आपल्यावर देणे आहेच.